हायवॉल आणि ओबी डंप: उतार दोन, कच्चेपणा वेगवेगळा

वणीकडून चंद्रपूरला जाताना खुल्या कोळसा खाणी लांबून दिसतात, तेव्हा सगळे उतार सारखेच वाटतात. मातकट आणि पायऱ्यापायऱ्यांचे. पण त्यातले काही मूळचा खडक कापून उरलेले असतात, ती हायवॉल. बाकीचे कोळशावरची दगडमाती डंपरने ओतून रचलेले असतात, तो ओबी (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरचा थर) डंप. दोन्ही उभे ठेवणं हे भूतांत्रिक अभियंत्याचंच काम, पण धोका शोधण्याची जागा दोन्हीकडे वेगळी आहे.

हायवॉलमध्ये खडक किती टणक आहे यापेक्षा तो कुठे चिरलेला आहे, याला जास्त महत्त्व. थर खाणीच्या पोकळीकडे कललेले असले तर अख्खी शिळा घसरते. दोन सांधे, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक चिरा, एकमेकांना छेदून पोकळीकडे उतरत असले तर पाचरीसारखा तुकडा निसटतो. म्हणून कंपास घेऊन बेंचवर, म्हणजे भिंतीच्या पायऱ्यांवर, एकेक सांध्याची दिशा आणि कल मोजत फिरावं लागतं. किचकट काम आहे, पण ते टाळून काढलेला उताराचा कोन मी तरी मान्य करणार नाही. अमेरिकेतल्या युटामधल्या बिंगहॅम कॅन्यन तांबे खाणीत 10 एप्रिल 2013 ला भिंतीचा अजस्र भाग दोनदा कोसळला, पण कुणाला खरचटलंही नाही. भिंत हलतेय हे मोजमापांतून आधीच कळलं होतं आणि माणसं बाहेर काढलेली होती.

डंपमध्ये असे सांधे नसतातच. ओतलेली माती आपसूक साधारण 37 अंशांवर स्थिरावते. कोळसा खाणींच्या नियमांतही 37.5 अंशांची कमाल मर्यादा आहे. तेवढं पाळलं की डंप सुरक्षित, असा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. कारण डंप पुष्कळदा खालून दगा देतो. आपल्या विदर्भात तर खाली काळी माती. तिच्यात पावसाचं पाणी मुरलं की तिचा जोर जातो, आणि वरचा उतार कितीही नेटका असला तरी सगळा भार पुढे सरकतो. ती माती आधी खरवडून बाजूला काढायलाच हवी.

झारखंडमधल्या राजमहाल खाणीत 29 डिसेंबर 2016 ला 23 कामगार गाडले गेले. डंपखालची जमीनच सुमारे 35 मीटर खचल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, आणि कारण म्हणून खडकातल्या छुप्या भ्रंशाकडे, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या रेषेकडे, बोट दाखवलं गेलं. म्हणजे डंप रचतानाही त्याच्या खालचा खडक वाचावा लागतो.

पहिला जोराचा पाऊस झाला की डंपच्या माथ्यावर कडेला समांतर बारीक भेग दिसू शकते. तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज टेपने अंतर मोजायचं आणि भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती मातीने बुजवायची. मग लांबून वळसा घालून डंपच्या पायथ्याची जमीन बघायची. ती फुगून वर आली असेल, तर त्याच क्षणी खालची माणसं आणि यंत्रं हलवायची.