इम्प्लांटआधी हिरडीचे उपचार कशासाठी?

“दात बसवायचाय, मग हिरडीचं काम आधी का?” असे बरेच जण विचारतात. विचारायलाच हवे, कारण त्यात तुमचे दोन-तीन महिने जातात.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसणारा स्क्रू, बहुधा टायटॅनियमचा. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटमध्ये ते रुतत नाहीत, नुसते भोवती वेढून राहतात. त्यामुळे तिथली हिरडी पातळ किंवा सैल असली की ब्रश लावताना दुखते, स्वच्छता नीट होत नाही आणि जंतू आत उतरतात. मग हाड झिजू लागते, आणि ते पुन्हा भरून आणणे फार अवघड जाते. पुढच्या दातांच्या जागी तर पातळ हिरडीतून धातूची करडी छटाही दिसते. इम्प्लांट बसल्यावर हिरडी मागे सरकली तर ती पूर्ववत करणे आधीपेक्षा कठीण असते, म्हणून आम्ही हे काम आधी उरकतो.

हिरडी सरकते ती बहुतेक वेळा कडक ब्रशने जोर लावून घासल्यामुळे, नाहीतर कीटण साचून झालेल्या आजारामुळे. सरकलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही. कोणतीही पेस्ट किंवा मालिश ती वाढवत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

सुरुवात खोल सफाईने होते. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतो. सूज आणि रक्त थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मग गरज असेल तर ग्राफ्ट: तोंडातल्या टाळूच्या आतला पातळ थर काढून हिरडीच्या जागी शिवतो. भूल दिलेली असते, त्यामुळे करताना दुखत नाही. नंतर मात्र ग्राफ्टपेक्षा टाळूच जास्त दुखतो, साधारण आठवडाभर. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर त्या जागी ब्रश लावायचा नाही, सांगितलेल्या औषधाने फक्त चूळ भरायची. इम्प्लांटभोवती निदान दोन मिलिमीटर रुंद घट्ट हिरडी असावी, असा आमचा प्रयत्न असतो. काही जणांचा ग्राफ्ट इम्प्लांटबरोबरच करता येतो. ते तपासणीनंतरच ठरते.

सिगारेट आणि तंबाखूने ग्राफ्ट फसण्याची शक्यता वाढते. आधीपासूनच बंद करा. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट आणा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून थांबवू नका, पहिल्याच भेटीत आम्हाला दाखवा.