बत्तीस गिरक्या, सेकंदाला पंचवीस फ्रेम

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे युरोप-अमेरिकेतली नाट्यगृहं एकामागून एक बंद झाली आणि त्याच महिन्यात मोठ्या बॅले कंपन्यांनी आपली रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर फुकट खुली केली. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने २७ मार्चला सुरुवात केली, तर मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहाने त्याच दिवशी ‘स्वान लेक’ यूट्यूबवर २४ तासांसाठी ठेवला. नेमक्या त्याच आठवड्यात सगळं जग घरी बसल्यामुळे नेटवर्कवर ताण आला, म्हणून यूट्यूबने आपोआप निवडला जाणारा दर्जा जगभर ४८०पीवर आणला. भारतात तर मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८०पीच्या वर काही दाखवायचंच नाही, असं व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं.

म्हणजे ज्यांनी आयुष्यातला पहिला बॅले त्या दिवसांत पाहिला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो सगळ्यात वाईट दर्जात पाहिला. ‘बॅले ऑनलाइन बघण्यात अर्थ नाही’ हे मत तेव्हापासून ऐकू येतं. त्यात बॅलेचा दोष कमी आणि व्हिडिओचा जास्त आहे. आणि व्हिडिओचे बरेचसे दोष घरच्या घरी सुधारता येतात.

आधी साधा हिशेब करू. ४८०पी चित्राची रुंदी ८५४ पिक्सेल असते. कॅमेऱ्याने १२ मीटर रुंदीचा रंगमंच एका चौकटीत घेतला, तर एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे १.४ सेंटीमीटर येतात. नर्तिका ज्या टोकावर उभी असते, ते पॉइंट शूजचं टोक असतं साधारण ४ सेंटीमीटर रुंद, म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल. चेहरा दहा-अकरा पिक्सेल. पाऊल ताणलेलं आहे की सैल, घोट्याचा कोन कसा आहे, हे तीन पिक्सेलांत समजणं शक्यच नाही, आणि बॅलेतलं निम्मं कौशल्य तर तिथेच असतं. १०८०पीमध्ये तेच टोक सहा-सात पिक्सेलांत येतं आणि पायाची रेषा दिसू लागते.

पडद्याच्या आकाराचंही तसंच. सहा इंची फोनवर त्या चौकटीतली नर्तिका १.८ सेंटीमीटर उंच दिसते, ४३ इंची टीव्हीवर साधारण तेरा. फोन डोळ्यांजवळ धरला तरी ही तूट पूर्ण भरून निघत नाही. एवढ्या टीव्हीसाठी १०८०पीचं चित्र पाहायला साडेपाच-सहा फुटांचं अंतर योग्य. त्याहून फार मागे बसलं तर जास्तीचे पिक्सेल डोळ्याला कळतच नाहीत.

आता वेग. ‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकात ओडिल (जादूगाराची मुलगी) एका पायावर सलग ३२ फुएते, म्हणजे दुसऱ्या पायाच्या झटक्याने घेतलेल्या गिरक्या, घेते. ही परंपरा १८९५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पिएरिना लेन्यानीने या बॅलेत आणली. गिरक्यांचा वेग साधारण सेकंदाला एक धरू. फिरणाऱ्या पायाचं टोक अक्षापासून ९० सेंटीमीटरवर असेल, तर त्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या वर जातो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात शटर बहुधा १/५० सेकंद उघडं असतं. तेवढ्यात पाय ११ सेंटीमीटर सरकतो. म्हणून तो पुसट दिसतो, आणि पुढच्या फ्रेमपर्यंत एकूण २२ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. ५० फ्रेमचं रेकॉर्डिंग मिळत असेल तर तेच निवडा. बॅलेच्या बाबतीत ७२०पी ५० फ्रेम हे १०८०पी २५ फ्रेमपेक्षा सरस ठरतं, निदान गिरक्यांसाठी तरी.

खरा घोळ होतो तो व्हिडिओ दाबून लहान (कॉम्प्रेस) करताना. १०८०पीचं २५ फ्रेमचं न दाबलेलं चित्र सेकंदाला सुमारे ६२० मेगाबिट जागा घेतं. आपल्यापर्यंत येतात ५ मेगाबिट. सव्वाशे पट दाबणं साधतं कसं? दर थोड्या वेळाने एक फ्रेम पूर्ण पाठवली जाते आणि मधल्या फ्रेमसाठी फक्त ‘हा चौकोनी तुकडा इतका डावीकडे, तो इतका वर’ अशा सूचना. सरळ सरकणाऱ्या गोष्टींना ही युक्ती छान लागू पडते. पण गिरकी घेणाऱ्या टूटूचा, म्हणजे बॅलेतल्या जाळीदार घागऱ्याचा, कोणताच तुकडा नुसता सरकत नाही. जाळीच्या थरांची नक्षी प्रत्येक फ्रेममध्ये बदलते, मग फरक वेगळा पाठवावा लागतो, आणि त्यासाठी बिट पुरले नाहीत की जाळीच्या जागी पांढरा गोळा दिसतो. ‘नटक्रॅकर’मधल्या हिमकणांच्या प्रवेशात तर कागदी बर्फाचा प्रत्येक तुकडा आपल्या मर्जीने खाली येतो. व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरची याहून कठीण परीक्षा क्वचितच होत असेल. त्या प्रवेशात सगळं चित्रच खडबडीत झालं, तर आपलं नेट बिघडलं असं लगेच समजू नका.

दुसरं दुखणं अंधाराचं. ‘जिझेल’चा दुसरा अंक किंवा ‘स्वान लेक’मधलं तळ्याकाठचं निळं रात्रीचं दृश्य ८ बिटच्या (प्रत्येक रंगाच्या जास्तीत जास्त २५६ छटांच्या) व्हिडिओत येतं, तेव्हा गडद छटांच्या मोजक्याच पायऱ्या उरतात आणि धुक्यात पट्टे दिसतात. अशा वेळी टीव्हीची ब्राइटनेस वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने पट्टे उलट ठळक होतात. खोलीतले दिवे मंद करा आणि टीव्ही ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोडवर ठेवा. ‘नॉइज रिडक्शन’ बंदच असू द्या. ते दाणे पुसतं आणि त्यांच्यासोबत टूटूची जाळीही.

टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी. सॅमसंगमध्ये ती ‘ऑटो मोशन प्लस’, सोनीत ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’ या नावाने सापडेल. टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजाने तयार करतो. चालणाऱ्या माणसाबाबत अंदाज बरोबर येतो. पण गिरकीत एक पाय दुसऱ्याच्या मागे लपून पुन्हा बाहेर येतो, आणि तिथे अंदाज चुकला की घोट्याभोवती थरथरती झालर दिसते.

लॅपटॉपवर एक वेगळीच अडचण येते, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. युरोपातली रेकॉर्डिंग्ज बहुधा २५ किंवा ५० फ्रेमची असतात, लॅपटॉपचा पडदा मात्र सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ६० भागिले २५ म्हणजे २.४. त्यामुळे काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. वेगवान नाचात हे खपून जातं, पण संथ अडाजिओत वर जाणारा पाय किंवा सावकाश फिरणारा कॅमेरा बारीक हिसके देतो. उपाय सोपा आहे. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करा. भारतातलं प्रसारण पूर्वीपासून ५० हर्ट्झच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीचं असल्याने आपले टीव्ही हा दर सहसा स्वीकारतात.

आवाजात उशीर होतो तो ब्लूटूथमुळे. टीव्हीला जोडलेला ब्लूटूथ स्पीकर आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने मागे टाकू शकतो. आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांनाच खटकू लागतं, मागे राहिला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. त्यामागे निसर्गाचीच सवय असावी असं मला वाटतं, कारण नाट्यगृहात ३० मीटरवर बसलेल्या प्रेक्षकालाही वाद्यवृंद ८७ मिलिसेकंद उशिरानेच ऐकू येतो. पण २०० मिलिसेकंदांनी उडीची जमिनीवरची टेक आणि ढोलाचा ठोका यांची फारकत होते, आणि चांगली नर्तिका तालाला चुकल्यासारखी वाटते. हे तिच्यावर अन्याय करणारं आहे. साधी तार वापरा.

सेटिंग बदलून न सुधारणारी गोष्ट म्हणजे कॅमेरा. उडी ४५ सेंटीमीटरची असेल तर नर्तक हवेत ०.६ सेकंद असतो, आणि त्यातला निम्मा वेळ उंचीच्या सर्वांत वरच्या चौथ्या हिश्शात जातो. शिवाय ग्रां जेतेत, म्हणजे पाय फाकवून घेतलेल्या मोठ्या उडीत, शिखराजवळ पाय आणि हात वर उचलले की शरीराचा गुरुत्वमध्य शरीरातच वर सरकतो. तो आपला वक्र मार्ग सोडत नाही, पण डोकं काही क्षण जवळजवळ सरळ रेषेत जातं आणि नर्तक तरंगल्यासारखा दिसतो. हा भास होण्यासाठी मागची स्थिर चौकट लागते. कॅमेरा उडीबरोबरच वर गेला किंवा उडीच्या मध्येच दृश्य तोडलं, की तरंगणं संपलं. म्हणून एकाच बॅलेची दोन रेकॉर्डिंग्ज उपलब्ध असतील, तर दूरचे आणि लांबलचक शॉट असलेलं निवडावं. ‘ला बायादेर’ या बॅलेमधली पांढऱ्या वेशातल्या सावल्यांची (मृतात्म्यांची) रांग जवळच्या शॉटमध्ये बघून काहीच हाती लागत नाही.

डेटाचा हिशेब असा. दोन तासांचा बॅले १०८०पीत सेकंदाला ५ मेगाबिटने साडेचार जीबी खातो, ७२०पीत सव्वादोन, ४८०पीत एक. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ७२०पीही बसत नाही, तेव्हा घरचं ब्रॉडबँड वापरा. थेट प्रसारण असेल तर लंडनचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा आणि मॉस्कोचे सात म्हणजे साडेनऊ.

यूट्यूबवर खरोखर कोणता दर्जा येतोय हे पाहायचं असेल, तर चित्रावर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे रिझोल्यूशन, फ्रेमचा दर आणि गळालेल्या फ्रेमची संख्या दिसते. गळती सतत वाढत असेल तर दोष बहुधा नेटचा नाही, लॅपटॉपचा. बाकीचे टॅब बंद करा. मग फुएते सुरू झाल्यावर व्हिडिओ थांबवा आणि कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. आधाराच्या पायाची टाच खाली येते, जमिनीला टेकते, गुडघा वाकतो. गिरकीसाठीचा रेटा नर्तिकेला तेव्हाच मिळतो, पाऊल आणि जमीन यांच्यातल्या घर्षणातून. त्या दोन-चार फ्रेममध्ये धड जवळजवळ थांबून प्रेक्षकांकडे तोंड करून असतं. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा साठवलेला जोर, तोवर बाजूला फिरत असलेला मोकळा पाय सांभाळतो. तो आत ओढला, ती टोकावर चढली, की सगळं शरीर एकदम फिरतं.