थोरल्या दवाखान्यात पोहोचण्याआधी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल एमआयडीसीतल्या, आमच्याकडून प्रथमोपचार पेटी घेणाऱ्या सर्व कारखानदारांना, सुपरवायझरना आणि कामगार बंधू-भगिनींना नमस्कार.

कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपला थोरला दवाखाना. शिबिरात आम्ही विचारतो, "माणूस कोसळला, श्वास थांबला, काय कराल?" उत्तर ठरलेलं: "सीपीआरला न्यायचं." न्यायचं तर आहेच. पण हृदय बंद पडलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि तेवढ्यात आपली गाडी गेटबाहेरसुद्धा पडलेली नसते. म्हणून दुसरा सीपीआर, छातीवर दाब देण्याचा, तो मशीनशेजारीच सुरू व्हावा लागतो.

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नाही, श्वास नाही किंवा मध्येच आचका दिल्यासारखा येतोय, तर एकाने लगेच १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवायचं. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. प्रशिक्षण घेतलेल्याने ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास द्यावेत. बाकीच्यांनी नुसते दाब चालू ठेवले तरी चालेल. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा माणूस बदला, पण दाब थांबू देऊ नका. "बरगडी मोडली तर?" असं बरेच जण विचारतात. मोडलेली बरगडी जुळते. शॉक लागलेला असेल तर मात्र मेन स्विच पाडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

आता रक्तस्रावाचं, कारण आमच्या पेट्यांतला गॉज, म्हणजे जखमेवर ठेवायचं जाळीदार सुती कापड, सगळ्यात जास्त इथेच लागतो. एका मशीन शॉपमध्ये पेटी भरायला गेलो होतो, तेव्हा एका हेल्परचा तळवा पत्र्याने चिरला. कुणीतरी हळद भरली, वर ऑइलने माखलेलं वेस्ट (मशीन पुसायचा सुताचा बोळा) गुंडाळलं, आणि दर अर्ध्या मिनिटाला उचलून "थांबलं का बघू" चाललेलं. पेटी ऑफिसात होती, कुलूप लावून. आम्ही पिशवीतला स्वच्छ गॉज ठेवला, हात वर धरला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरलं. मध्ये एकदाही उघडून पाहिलं नाही. दहा मिनिटांनी रक्त थांबलेलं होतं. एवढंच करायचं असतं. पण लोकांना तेवढा वेळ धरवत नाही. गॉज भिजला तर काढू नका, त्यावरच दुसरा ठेवून आणखी जोराने दाबा. जखमेत काही रुतलं असेल तर उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

पॉवर प्रेसखाली बोट तुटलं तर आधी माणसाचं रक्त थांबवा, मग बोट शोधा. ते स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलं की बोट गारठून खराब होतं आणि जोडण्याची शक्यता जाते.

फाउंड्रीवाल्यांनो, भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फही नाही. अंगठी, घड्याळ, मनगटाचा दोरा सूज चढायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. २० मिनिटं फार वाटतात, दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून माणूस नळाखालून हात काढतो. त्याच्याजवळ कुणीतरी उभं राहा. डोळ्यात केमिकल उडालं तरी असंच, पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटं पाणी. ग्राइंडिंगचा कण रुतला असेल तर चोळायचं नाही, काडीने काढायचं नाही. वर स्वच्छ कपडा ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

फिट आलेल्याला चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूचं लोखंड हलवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

कायद्याचंही सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम १९४८, कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी लागायची, आणि ती प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या, कामाच्या वेळेत हजर असणाऱ्या माणसाच्या ताब्यात असावी लागायची. बऱ्याच ठिकाणी असा माणूस फक्त दिवसपाळीला असतो. रात्रपाळीचाही एक शिकवून घ्या, ही आमची हात जोडून विनंती. आणि पेटीला कुलूप लावू नका. गोळ्या जातात म्हणून लावता, हे आम्हाला माहीत आहे. गोळ्या वेगळ्या ठेवा, पेटी उघडी राहू द्या.

दर तीन महिन्यांनी आमचा माणूस पेटी तपासायला येतो: गंजलेली कात्री, सुकलेलं औषध, मुदत संपलेला माल बदलून देतो. त्या दिवशी पाळी बदलताना अर्धा तास काढलात तर छातीवर दाब द्यायचा सराव करून घेऊ. बाहुली आम्ही आणतो, पैसे लागत नाहीत. तुम्ही फक्त दोन्ही पाळ्यांची माणसं थांबवून ठेवा.