रंग वाळतो म्हणजे काय होते? जुने डबे, नागपूरचे ऊन आणि जवसाचे तेल

मे महिना जवळ आला की जुन्या रेल्वे डब्यांच्या रंगकामाचे बेत ठरतात. कॉलेजची मुले मोकळी असतात, पाऊस नसतो आणि नागपूरच्या उन्हात रंग चटकन वाळेल असा हिशेब असतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी चुकीची आहे, आणि ती चूक डब्याच्या अंगावर सुरकुत्या होऊन पुढची अनेक वर्षे दिसत राहते.

१८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि पुढे सातपुड्याच्या परिसरात अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचे जाळे पसरले. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली थांबली, नागभीडची २०१९ साली. आता त्या काळाच्या खुणा पाहायच्या तर नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जावे लागते. जुना डबा उभा करून ठेवला की त्याचा खरा शत्रू हवामान असते. त्याच्यापासून सांभाळणारी गोष्ट एकच, जेमतेम दीडशे मायक्रॉन, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर. तो नीट जमायचा असेल, तर तो वाळतो कसा हे आधी समजून घ्यायला हवे.

ओला टॉवेल वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडते आणि वजन घटते. डब्यांना लावतात त्या सिंथेटिक इनॅमलमध्ये एवढेच होत नाही. त्यातले टर्पेंटाइन काही तासांत उडून जाते, पण मागे राहतो तो थर अजून चिकटच असतो. त्यानंतर तो हवेतला प्राणवायू ओढून घेऊ लागतो आणि वजनाने चक्क वाढतो.

विदर्भातल्या घरात याचा पुरावा सापडतो. जवसाच्या तेलाची बाटली काही महिने कोपऱ्यात राहिली की झाकणाभोवती पिवळट, रबरासारखी खपली धरते. खोबरेल थंडीत थिजते आणि उन्हात पुन्हा पातळ होते, त्याची अशी खपली कधीच होत नाही. फरक रेणूत आहे. जवसाच्या तेलातल्या स्निग्धाम्लांपैकी सुमारे निम्मे लिनोलेनिक आम्ल असते. त्याच्या अठरा कार्बनच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात, आणि दोन दुहेरी बंधांच्या मधोमध अडकलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. तो निसटला की मागे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला मुक्त मूलक राहतो. प्राणवायूचा रेणू तिथे लगेच चिकटतो आणि पेरॉक्सी मूलक बनतो. हा नवा मूलक शेजारच्या साखळीतला सैल हायड्रोजन ओढून स्वतः पेरॉक्साइड बनतो, आणि त्या साखळीतही तीच कथा सुरू होते. पेरॉक्साइड फुटले की आणखी मूलक तयार होतात, आणि दोन मूलक एकमेकांना भेटले की दोन साखळ्या कायमच्या जोडल्या जातात. अशा लाखो गाठी पडल्या की तेलाचे जाळे होते. मग ते पुन्हा कशातही विरघळत नाही. इनॅमलमधली अल्कीड राळ याच तेलांपासून बनवतात, म्हणून तिचे वाळणेही असेच.

प्रयोग घरी होतो. पंधरा सेंटिमीटर चौरस काच घ्या, तिच्यावर एक ग्रॅम जवसाचे तेल बोटाने एकसारखे पसरा आणि सोनाराकडे असतो तसल्या ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन नोंदवा. धूळ बसणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवून रोज वजन करा. पहिले एक-दोन दिवस काहीच होत नाही, कारण तेलातली नैसर्गिक प्रतिऑक्सिडके, म्हणजे ही क्रिया रोखणारी द्रव्ये, आधी खर्ची पडावी लागतात. मग काटा सरकू लागतो. वाढ साधारण एक दशांश ग्रॅमची, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास असते.

आता मे महिन्यातल्या दुपारी या. हवा ४५ अंशांवर आणि गडद तांबड्या रंगाचा पत्रा त्याहून कितीतरी तापलेला. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, पण प्राणवायू मात्र वरूनच आत शिरायचा असतो. वरचा पापुद्रा लवकरच घट्ट होतो आणि खालच्या थराची हवा तोडतो. तो पापुद्रा प्राणवायू घेऊन फुगू पाहतो, पण बाजूला पसरायला जागा नसते. खालचा थर अजून मऊ, त्यामुळे पापुद्रा वर उचलून वळ्या पाडतो. दुधाच्या सायीसारखे दिसते, कारण मात्र वेगळे. शिवाय टर्पेंटाइन इतक्या लवकर उडते की ब्रशाच्या रेघा जुळून यायला वेळच मिळत नाही. पत्र्यावर पाच सेकंद तळहात ठेववत नसेल तर रंगाचा डबा उघडू नये, हा साधा नियम पुरेसा आहे.

जाड हात मारला की हेच संकट सावलीतही येते. एका हाताची वाळलेली जाडी ३५ ते ४० मायक्रॉन हवी. रंगात निम्मा भाग घन असेल, तर ओला थर ७० ते ८० मायक्रॉन भरतो. तो मोजायला दातेरी पट्टी मिळते, ती ओल्या रंगात टेकवायची आणि कोणता दात भिजला ते पाहायचे. या जाडीला एक लिटर रंग कागदावर साडेबारा चौरस मीटर पुरतो, प्रत्यक्षात नऊ-दहा. दहा मीटर लांब, दोन मीटर उंच अशा दोन बाजू धरल्या तर एका हाताला चार-साडेचार लिटर लागतील. दोन लिटरमध्ये भागले तर टर्पेंटाइन जास्त झाले आहे. सहा लिटर संपले तर ओघळ आणि सुरकुत्या शोधायला लागा.

घाईपोटी दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे वरून ‘ड्रायर’ ओतणे. ड्रायरमधले कोबाल्ट पेरॉक्साइड फोडण्याचे काम करते आणि राळेच्या वजनाच्या साधारण ०.०५ टक्के एवढे कोबाल्ट त्याला पुरते. कारखान्यातून आलेल्या रंगाच्या डब्यात ते आधीच मोजून घातलेले असते. जास्तीचे कोबाल्ट फक्त वरचा पापुद्रा आणखी लवकर घट्ट करते. दुसरी चूक म्हणजे टर्पेंटाइनऐवजी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर वापरणे. अर्धवट जुळलेल्या जाळ्यात ते जोरदार द्रावक शिरले की पहिला हात फुगतो आणि पत्रा सोडून उचलला जातो. पहिल्या आणि दुसऱ्या हातात किमान चोवीस तास जाऊ द्यावेत, मध्ये ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) हलका फिरवावा.

सागवानाची गंमत याहून न्यारी. खिडक्यांच्या चौकटीवर रंग आठवडाभर चिकट राहिला की लोक रंगाला दोष देतात. सागाच्या लाकडात वाळवीला दूर ठेवणारी जी द्रव्ये असतात, त्यांतली काही मुक्त मूलकांनाच गिळतात. साखळी सुरू होते आणि तिथल्या तिथे मोडते. म्हणून उघडे सागवान घासल्यावर ॲसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसावे, कापड बदलत राहावे आणि द्रव्ये पुन्हा वर येण्याआधी, त्याच दिवशी पहिला पातळ हात मारावा.

घासण्याआधी मात्र थांबा. जुन्या डब्याच्या तळच्या थरांत शिसे आहेच असे धरून चाला. लोखंडाला पूर्वी लावत तो लाल प्रायमर म्हणजे जवसाच्या तेलात घोटलेला शेंदूर, मारुतीला फासतात तोच शिशाचा ऑक्साइड. तेलातल्या आम्लांशी मिळून तो शिशाचा साबण बनवतो आणि गंजाला फार चांगला रोखतो, पण त्याची धूळ मेंदूला घातक आहे, लहान मुलांच्या तर विशेष. कोरडे घासू नये, यंत्राची चकती लावू नये, ज्योतीने जाळू नये. पाणी शिंपडत वॉटर पेपरने किंवा पटाशीने काढावे, एफएफपी-३ मास्क घालावा, खाली प्लास्टिक अंथरून पोपडे गोळा करावेत आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. उघड्या पत्र्यावर आता झिंक फॉस्फेट प्रायमर लावतात. पत्रा लाकडावर चढतो त्या सांध्यात पाणी अडकते, तिथे प्रायमर आधी ब्रशाने कोंबावा आणि मग लांबी (पुट्टी) भरावी.

मूळ रंग ओळखायचा तर सगळे थर एकदम काढू नका. आडोशाच्या जागी रुपयाएवढा उथळ खळगा पाणी लावत बारीक वॉटर पेपरने घासला की झाडाच्या कड्यांसारखी वर्तुळे दिसतात. जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते, म्हणून उघडलेले वर्तुळ काही दिवस उजेड खाऊ द्यावे आणि मगच रंगपट्टीशी जुळवावे.

तेलाने माखलेल्या चिंध्यांबद्दल सांगायलाच हवे. प्राणवायू जोडला जाताना उष्णता निघते. पत्र्यावर ती उडून जाते, पण चिंध्यांच्या बोळ्यात कोंडते, त्याने क्रियेचा वेग वाढतो, आणखी उष्णता निघते, आणि काही तासांत बोळा आपोआप पेटू शकतो. कपडे आपोआप जळाले की आपल्याकडे भानामतीचे नाव निघते. तशा प्रकारांमागे बहुतेकदा घरातल्याच कुणाचा हात निघतो, आणि इथे तर तोही लागत नाही. चिंध्या पाणी भरलेल्या झाकणाच्या लोखंडी बादलीत टाकाव्यात किंवा एकेक सुटी पसरून वाळवावी.

मग रंगवायचे कधी? रंगवताना पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसू लागते त्यापेक्षा, किमान तीन अंश गरम हवा. पावसाळ्यात तेही कठीण. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तेव्हा दवबिंदू २५ अंशांवर असतो, म्हणजे सावलीतला पत्रा हवेपेक्षा जराही थंड झाला की गणित बिघडले. रंगाखाली अडकलेली ओल पुढे फोड आणते. नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही सकाळी दव पुसून, पत्रा ऊबदार झाल्यावर दहाच्या सुमारास सुरुवात करावी आणि दुपारी दीड-दोनला ब्रश ठेवावा. थंडीत जाळे हळू जुळते, आणि संध्याकाळी पडणारे दव चिकट थरावर बसले की सकाळी चकाकी जाऊन पांढुरके डाग दिसतात. शेवटच्या हातानंतर डब्याचा नंबर आणि अक्षरे लिहायला आठवडा थांबावे, आणि महिनाभर डबा साबणाने धुऊ नये.