लॅक्स्टन
लॅक्स्टन : इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर काउंटीतील, ऑलर्टनजवळचे खेडे. खुल्या शेतांची मध्ययुगीन पद्धत आणि तिच्यावर नजर ठेवणारे गावन्यायालय येथे आजही चालू आहे. इतरत्र अशी बहुतेक शेते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुंपणे घालून वाटली गेली. लॅक्स्टनच्या दोन मोठ्या जमीनदारांचे मात्र जमले नाही, आणि त्यांच्या बेबनावात शेते वाचली.

वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड मिळून क्षेत्र सुमारे 480 एकर. आत कुंपण नाही. प्रत्येक कुळाचे पट्टे विखुरलेले असल्याने चांगली आणि चिबड, दोन्ही जमिनी सर्वांच्या वाट्याला येतात. एका वर्षी हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी जवासारखे वसंतात पेरायचे पीक, तिसऱ्या वर्षी पड. हल्ली पडीऐवजी चारा घेतात. संपूर्ण शेत एकाच पाळीत असल्याने कोणी स्वतःच्या मर्जीने पीक बदलू शकत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास गावन्यायालयाचे पंचमंडळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शेताची पाहणी करते. नेहमीचा गुन्हा म्हणजे आपल्याकडचे बांध कोरणे : नांगरताना एखादे तास जास्त घेऊन रस्त्यात किंवा गवताच्या पट्टीत घुसणे. पंच खरी हद्द ठरवून खुंट ठोकतात. चर साफ न करणे हाही गुन्हाच, कारण भारी चिकण मातीत तुंबलेले पाणी शेजाऱ्याचाही गहू पिवळा पाडते. आठवड्याभराने डव्हकोट इन या पबमध्ये न्यायालय भरते, दंड कायम होतात आणि पुढच्या पंचांना शपथ दिली जाते. दंड किरकोळ असतो. खरी जरब चारचौघांत नाव पुकारले जाण्याची.

नांगर न चालणाऱ्या ओलसर घळींना ‘साइक’ म्हणतात. तेथील गवताचा उन्हाळ्यात लिलाव होतो. कधीच न नांगरल्यामुळे त्यांत रानफुलांच्या दुर्मीळ जाती टिकल्या आहेत.

मार्क पिअर्सने 1635 मध्ये काढलेल्या नकाशात एकेक पट्टा दाखवला असून नांगरणारी, कापणी करणारी माणसेही रेखाटली आहेत. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून मोठे केल्यामुळे त्यांची संख्या बरीच घटली. शेतकऱ्यांची घरे मात्र शेतावर नसून अजूनही गावरस्त्यालगतच आहेत.

अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून 1952 मध्ये कृषी मंत्रालयाने गाव घेतले, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे ब्रिटिश राजगादीच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे, गेले, आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच जुन्या जहागिरीने, ते परत विकत घेतले.