ओढ्याची प्रकृती : बाटलीतल्या पाण्यापासून दगडाखालच्या किड्यांपर्यंत

नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, ती नाशिकजवळ टाकळीला गोदावरीस मिळते. याच संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे पाण्यात उभे राहून जप केला आणि मासे त्यांच्या पायांना चावत, असे परंपरा सांगते. ही कथा इतिहास म्हणून किती धरावी, हा प्रश्न निराळा. पण वाहत्या पाण्याची प्रकृती ठरवताना जो प्रश्न आज शास्त्रज्ञ विचारतात, तो तिच्यात सहज येऊन गेला आहे: त्या पाण्यात राहत कोण होते? शास्त्र या प्रश्नापाशी बऱ्याच उशिरा आणि वळसा घेऊन पोहोचले.

आरंभ झाला तो दुर्गंधीपासून. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी कुजली की लंडनमध्ये संसदेचे कामकाज चालवणे अवघड झाले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची खात्रीची रीत हंगेरीच्या विंकलरने 1888 मध्ये दिली. पुढे ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने 1912 च्या अहवालात बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, हे माप प्रमाण मानले. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू ठरावीक दिवसांत किती प्राणवायू खर्च करतात, याचे हे माप. मुदत पाच दिवसांची ठरली, कारण तिथल्या कोणत्याही नदीचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते, असे सांगितले जाते. गोदावरीला त्र्यंबकेश्वरापासून समुद्र गाठायला 1,465 किलोमीटर जावे लागते, तेव्हा हा हिशेब आपल्यासाठी केलेला नव्हता हे उघड आहे. भारतात ही चाचणी आता 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस करतात. मात्र त्याचे कारण नदीची लांबी नव्हे, तर उष्ण हवेत कुजण्याची क्रिया लवकर होते, हे आहे.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1969 मध्ये केला आणि केंद्राचा कायदा 1974 मध्ये आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे जे वर्ग ठरवले, ते मुख्यतः वापरावरून: पिण्याचे, स्नानाचे, मासे व वन्यजीवांचे, सिंचनाचे. स्नानाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, बीओडी 3 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि 100 मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणू, म्हणजे मैलापाण्याची खूण मानले जाणारे जिवाणू, 500 पेक्षा जास्त असू नयेत. कुंभमेळ्याच्या शहराला हेच आकडे सर्वांत जवळचे वाटावेत, यात नवल नाही. 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी झाली, तीत महाराष्ट्राचे 53 पट्टे होते आणि त्यांची प्रतवारीही बीओडीवरच बेतलेली होती.

बीओडी निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. अडचण एवढीच, की बाटली त्या क्षणाचे सांगते. गंगापूर धरणातून आवर्तन सुटल्यावर घेतलेला नमुना आणि त्याच ठिकाणी आठ दिवसांनी, पाणी तुंबलेले असताना घेतलेला नमुना, हे दोन वेगळ्या नद्यांचे वाटू शकतात. रात्री कोणी टँकर ओढ्यात रिकामा केला, तर सकाळच्या बाटलीत त्याचा मागमूसही नसेल.

तळाशी राहणाऱ्या जिवांना मात्र तिथून पळता येत नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे सूत्र धरून, कोणती वनस्पती व कोणता जीव किती घाणीत तग धरतो याच्या याद्या केल्या. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी 1949 मध्ये पेनसिल्व्हेनियातील प्रवाहांच्या अभ्यासावरून असे मांडले, की एखाद्या सूचक जातीपेक्षा जीवसमूहाची एकूण घडण अधिक सांगते. 1981 मध्ये जेम्स कार यांनी प्रवाहाची प्रकृती ठरवणारा, माशांवर आधारित निर्देशांक दिला. याच सुमारास ब्रिटनमध्ये तळाशी राहणाऱ्या लहान जिवांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची पद्धत रूढ झाली. तीत स्वच्छ, खळाळत्या पाण्यातल्या नाजूक अळ्यांना 10, तर चिखलातल्या गांडूळवर्गीय कृमींना 1 गुण मिळतो. जाळी, पांढरा ट्रे आणि भिंग एवढ्या साहित्यावर ही तपासणी होते, हे तिचे मोठे बलस्थान होय.

‘मासे दिसतात, म्हणजे नदी जिवंत आहे’ हा आपल्याकडचा समज या पद्धतीपुढे टिकत नाही. मरळ हवेतून श्वास घेते, तिलापिया बऱ्याच घाणीत तग धरतो; गटाराच्या गाळातल्या काही लालभडक अळ्यांच्या अंगात तर हिमोग्लोबिन असते, त्यामुळे जवळजवळ प्राणवायूहीन चिखलही त्यांना चालतो. कोण दिसते याइतकेच कोण दिसेनासे झाले, हेही पाहावे लागते.

केंद्रीय मंडळाने ब्रिटिश पद्धत भारतीय जीवांना जुळवून घेतली खरी, पण दख्खनच्या ओढ्यांची स्वतःची अडचण उरते. बेसाल्टच्या खडकातले कित्येक ओढे होळीपर्यंत आटतात, तेव्हा एप्रिलमधल्या कमी गुणांचा दोष प्रदूषणाला द्यावा की ऋतूला? शिवाय तळाचा प्रश्न आहे. 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरात गोदापात्राच्या तळाला काँक्रीट घातले गेले. अशा तळावरच्या पाण्याची बीओडी उत्तम आली, तरी दगडाखाली बिलगून राहणाऱ्या अळीला तिथे दगडच नसतो. अमेरिकेच्या 1972 च्या कायद्याने पाण्याच्या रासायनिक, भौतिक आणि जैविक अशा तिन्ही अखंडतेचा एकत्र उल्लेख केला होता. युरोपीय संघाने 2000 मध्ये ‘परिस्थितिकीय स्थिती’, म्हणजे पाण्यातल्या जीवसृष्टीची अवस्था, हा एक प्रमुख निकष ठेवला. आपल्याकडे नाशिकच्या वाघाडी आणि नासर्डी या ओढ्यांचा विचार बहुधा गोदावरीत घाण आणणारे नाले म्हणूनच होतो, हे मला या साऱ्या इतिहासाच्या उजेडात फार खटकते.

त्यांना गुण द्यायचे, तर तुलनेसाठी कमी बिघडलेला ओढा आधी निवडावा लागेल. तो त्र्यंबकेश्वराजवळच्या ब्रह्मगिरी-अंजनेरी डोंगरांच्या उतारांवरच शोधावा लागेल. आणि पूर ओसरल्यानंतर, प्रवाह आटण्याआधी, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, दोन्हीकडे एकाच रीतीने जाळी लावावी लागेल.