पोलिसांची निष्पक्षता आणि आंदोलनांविषयीचे जनमत

रास्ता रोको, रेल रोको, घेराव यांसारख्या आंदोलनांत मागणीशी संबंध नसलेले लोकही अडकून पडतात. त्यामुळे अशा आंदोलनांविषयी सुरुवातीला बहुधा नाराजीच असते. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणारे वांशिक विभाजन मोडण्यासाठी बसप्रवास करणाऱ्या अमेरिकेतील ‘फ्रीडम रायडर्स’विषयी ‘गॅलप’ या जनमत चाचणी संस्थेच्या १९६१ च्या पाहणीत ६१ टक्के लोकांनी नापसंती नोंदवली होती. ही नाराजी टिकते की सहानुभूतीकडे झुकते, हे बऱ्याच अंशी पोलीस कसे वागले असे लोकांना वाटते यावर ठरते.

मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतील नागरिकांच्या मुलाखतींवरून दाखवले, की लोक कायदा पाळतात तो केवळ शिक्षेच्या धाकाने नव्हे. अधिकारी म्हणणे ऐकून घेतात का, सर्वांना एकच नियम लावतात का आणि माणसाचा मान राखतात का, हे ते पाहतात. या विचाराला ‘प्रक्रियात्मक न्याय’ म्हणतात.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी शहरात १९६१-६२ मध्ये वांशिक विभाजनाविरुद्ध आंदोलन झाले, तेव्हा पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी हे नेमके हेरले. गांधीजींच्या मार्गाची माहिती करून घेऊन त्यांनी शिपायांना लोकांदेखत मारहाण न करण्याची सक्त ताकीद दिली. आंदोलक प्रार्थनेला थांबले की तेही मान झुकवत आणि मग अटक करत. आपला तुरुंग भरू नये म्हणून कैदी आसपासच्या परगण्यांत पाठवले जात. शेकडो लोक गजाआड गेले, तरी देश हलला नाही. पोलिसांची वागणूक सभ्य होती. ते राबवत होते तो कायदा मात्र उघड अन्यायाचा होता. निष्पक्षतेचा देखावा अन्यायाला किती दीर्घ आयुष्य देऊ शकतो, हे ऑल्बनीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

पुढच्याच वर्षी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्ये पोलीस खाते सांभाळणाऱ्या बुल कॉनर यांनी आंदोलनात उतरलेल्या शाळकरी मुलांवर कुत्रे सोडले, पाण्याचे जोरदार फवारे मारले. ७ मार्च १९६५ रोजी त्याच राज्यातील सेल्माच्या पुलावर काळ्यांच्या मतदान हक्कासाठी निघालेल्या सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपले आणि ते घरोघरी टीव्हीवर दिसले. त्यानंतरच्या पाहणीत ४८ टक्के लोक आंदोलकांच्या बाजूचे होते, अलाबामा राज्याच्या बाजूचे २१ टक्के. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी झाली.

मात्र लाठी दिसली की सहानुभूती मिळतेच, असे नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांना झालेली मारहाणही टीव्हीवर दिसली. अधिकृत चौकशी अहवालाने तिला ‘पोलिसांची दंगल’ म्हटले, तरी गॅलपच्या पाहणीत ५६ टक्के लोकांनी पोलिसांचे समर्थन केले. मार खाणारा आपल्यातला वाटतो की परका, यावरच पुष्कळदा पोलिसांचे वागणे न्याय्य ठरते.

मावळात मार खाणारे शेतकरी होते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी त्यांनी बऊर येथे पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. पोलीस उभ्या गाड्या फोडत असल्याची दृश्ये वाहिन्यांवरून राज्यभर गेली. महामार्ग खोळंबल्याची तक्रार मागे पडली, गोळीबाराचा जाब विचारला जाऊ लागला आणि जलवाहिनीचे काम दशकाहून अधिक काळ थांबले.